गवत फुलतं त्या दिवसांत

आक्का, तुमचं तेरावं उरकलं आणि आम्ही सांगलीला आलो. एक खोली, पुढं ओटा, मागं आड; तो तीन बिऱ्हाडांत मिळून. समोर हळदीची वखार आहे. गवताची काडी म्हणून कुठं नजरेला पडत नाही. ह्यांना मोटारीवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली, ती तुम्हाला माहीतच आहे. त्या नोकरीवरूनच तर आपलं वाजलं होतं.

मी अजून रडलेले नाही. हे कुणाला सांगायचीही सोय नाही, कारण गावात कुणाचा विश्वास बसणार नाही. कार्तिकात माझे डोळे वाहतातच. तुम्हाला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळ भरलं, तेव्हा माझे डोळे वाहत होते. दहाव्याला वाहत होते. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "जाव असावी तर अशी. रडून रडून बघा कसं डोळं सुजल्यात." आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवून "पुरं आता, पुरं" म्हणत होत्या. मी मान खाली घालून बसले. आतून मी कोरडी ठक्क होते. तुम्ही असतात तर लांबूनच ओळखलं असतं. तुम्ही म्हणायचात, "रडाय लागली की हिची हनुवटी हालती. आत्ता नुसती गळतीया." तुमच्याशिवाय हे दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. ह्यांनासुद्धा नाही.

लग्न होऊन मी तुमच्या घरात आले ते वैशाखात. तेव्हा काही नव्हतं. ह्यांची सुट्टी संपली, हे पलटणीत परत गेले, मग लढाईच सुरू झाली. पाऊस सरला, दसऱ्याच्या आसपास माळावरचं गवत फुलावर आलं, आणि मी शेतात भाकरी घेऊन निघाले. वाटेत आधी टाळूला खाज सुटली, मग कानाच्या आत. मग शिंका. एक झाली की दुसरी, दम घ्यायला सवड नाही. डोक्यावरची बुट्टी उतरवून मी बांधावर बसले. शेतात पोचले तेव्हा डोळे मिटायला आले होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि बुट्टी घेतलीत.

रहिमतपूरला असताना मला असं कधी एवढं झालं नव्हतं. सर्दी व्हायची, जायची. वडील शाळामास्तर, घर बाजारपेठेत, गवताशी संबंध कुठला. तुमचं गाव शिराळ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायाशी. दाराबाहेर पाऊल टाकलं की गवत. गवत सरलं की उसाला तुरा, तुरा सरला की शाळवाचं फूल. संक्रांत होईपर्यंत सुटका नाही. त्या पहिल्या वर्षी आत्याबाई अंगणात बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या, "पोरीला क्षय हाय. फशिवलं आपल्याला रहिमतपूरकरांनी."

आणि तुम्ही माझा पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवलात. ताटलीही. तुमची दोन्ही पोरं माझ्याजवळ यायला लागली की तुम्ही त्यांना हाक मारून परत बोलवायचात. आता माझ्या पदरी पोर आहे, आता मला कळतं. तेव्हा वाटायचं, सासूचा जाच परवडला, ती तोंडानं बोलते तरी.

संक्रांतीनंतर मी बरी झाले. दुसऱ्या दसऱ्याला पुन्हा तेच. आत्याबाईंनी वडिलांना बोलावणं धाडलं, घेऊन जा म्हणून. वडील आले, पडवीत मान खाली घालून बसले. मी आत ट्रंक भरत होते. तेवढ्यात तुमचा आवाज आला. "न्यायची तर खुशाल न्या. पर आधी एकदा डाक्टरला दावूया. क्षय असंल तर बरं झाल्याबगार धाडू नका. आन नसंल तर कशापायी न्हेताय?"

वडिलांनी मान वर केली. आत्याबाई म्हणाल्या, "कोन न्हेनार डाक्टरकडं?"

"मी न्हेते," तुम्ही म्हणालात.

वडील एकटेच परत गेले. थोरल्या दिरांना तुम्ही कसं पटवलंत कुणास ठाऊक. आत्याबाई मात्र डॉक्टरला कबूल होईनात, म्हणून त्यांना नरसोबाच्या वाडीला नवस फेडायला जातो असं सांगितलंत. पेठ गावापर्यंत बैलगाडी, तिथून सर्व्हिस मोटार. लढाईमुळं पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं भला मोठा डबा, त्यातून धूर. त्या धुरानं मी आणखीच शिंकायला लागले. शेजारची माणसं सरकून बसली. एका म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा नाकाला लावला. तुम्ही त्याला म्हणालात, "आवं बाबा, माणूस शिंकतंय. बाँब न्हाई टाकत." सगळी मोटार हसली. मी पण हसले. तुमच्या घरात आल्यावर पहिल्यांदा.

सांगलीचे ते डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी छातीला नळी लावली, घसा बघितला, मग नुसते प्रश्नच विचारत बसले. कधी सुरू होतं, कधी थांबतं, पावसात होतं का, घरात कमी होतं का. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं गवत कधी फुलतं?" आपण दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"क्षय नाही," ते म्हणाले. "गवताच्या फुलातली धूळ उडते, ती हिच्या नाकाला सोसत नाही. इंग्रजीत ह्याला 'हे फीवर' म्हणतात, 'हे' म्हणजे वाळलेलं गवत."

"फीवर म्हंजी ताप न्हवं?" तुम्ही विचारलंत. हे सुट्टीवर आले की पलटणीतल्या गोष्टी सांगायचे, त्यातून तुम्हाला तेवढं येत होतं. "हिला ताप कवाच येत न्हाई."

"नाव तसं पडलंय, बाई."

"नाव तरी धड ठिवायचं," तुम्ही म्हणालात. डॉक्टर हसले. तुम्ही हसला नाहीत. "ह्यानं माणूस मरतंय का?"

मी जमिनीकडं बघत होते. त्या प्रश्नानं मी वर्षभर झुरले होते आणि तुम्ही तो कांद्याचा भाव विचारावा तसा विचारलात.

"यानं मरत नाही. पण काही जणांच्या छातीत उतरतं. दमा लागतो. दमा वाईट. जपायला पाहिजे."

"छातीत उतारलं हे कळायचं कसं?"

त्यांनी तुम्हाला माझ्या पाठीला कान लावायला सांगितला. चांगला श्वास कसा येतो ते ऐकवलं. "ह्यात पावा वाजल्यासारखी शिट्टी आली तर घेऊन या. आणि जमलं तर हे तीन-चार महिने हिला गवतापासून लांब ठेवा." पुढं मूल झालं तर त्यालाही होईल का, हेही तुम्ही विचारलंत. होऊ शकतं, ते म्हणाले. "शिकनारं पोर चालंल," तुम्ही म्हणालात, आणि डॉक्टरांना क्षणभर कळेना की तुम्ही शाळेचं बोलताय की शिंकेचं.

घरी आल्यावर आत्याबाईंच्या देखत तुम्ही माझ्या पेल्यानं पाणी प्यालात. "क्षय न्हवं. गवताची शिंक हाय. आता ह्या घरात ते नाव काढायचं न्हाई."

"वाडीचा परसाद कुठाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"डाक्टरनं खाल्ला."

पेल्याबद्दल तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

मग आपली कामं वाटली गेली. कुणी बसून वाटली नाहीत, तुम्हीच घेत गेलात. गवत कापायचं, वैरण आणायची, म्हशीखालचं काढायचं, सगळं तुमच्याकडं. दळण, भाकरी, धुणं, पोरांचा अभ्यास माझ्याकडं. बायका टोमणे मारायच्या, मास्तरांची पोरगी, गवताला हात लावत नाही. तुम्ही गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्यांच्याच दारावरनं यायचात, आणि आल्यावर लुगडं बदलल्याशिवाय माझ्याजवळ यायचा नाहीत. दिवेलागणीला मला पाटावर बसवायचात आणि पाठीला कान लावायचात. तुमचा कान गार असायचा. "घे श्वास. सोड. घे." मग उठून चुलीकडं जायचात. काही बोलला नाहीत म्हणजे ठीक.

लोकांना शिंक म्हणजे काय मोठं दुखणं वाटत नाही, आक्का. खरंच आहे, त्यानं कुणी अंथरुणाला खिळत नाही. पण चार महिने नाक बंद, तोंडानं श्वास, घसा सुकलेला. भाकरीला चव नाही. कानांत दडे. डोकं भिजलेल्या वाकळंसारखं जड. कुणी काही विचारलं तर मला ते पाण्याखालून ऐकू यायचं. आणि त्या सगळ्याच्या मागं भीती. आडवी झाले की वाटायचं, आज छातीत उतरणार. स्वतःची छाती ऐकत पडायचे. डॉक्टर मरत नाही म्हणाले होते, तेवढं मला आठवायचं नाही; "काही जणांच्या" म्हणाले होते ते आठवायचं. त्या काही जणांत मी आहे, हे मी मनाशी धरूनच चालले होते.

एका वर्षी ती शिट्टी आलीच. लढाई संपत आली होती. ह्यांचं पत्र बरेच दिवस नव्हतं. तुम्ही कान लावलात आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच ठेवलात. मी विचारलं, "वाजतंय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. माझंच प्वाट वाजतंय." मग मला भिंतीला टेकवून बसवलंत, ओव्याचा शेक दिलात, गरम पाणी पाजलंत, आणि आपल्या पोरांना शेजारी झोपायला धाडून तुम्ही माझ्या पाठीला पाठ लावून बसलात. मला माहीत होतं तुम्ही खोटं बोललात. तुम्हालाही माहीत असणार की मला कळलंय. चार-सहा दिवसांनी छाती मोकळी झाली. त्यानंतर मला दम्याची भीती थोडी कमी वाटायला लागली. ती तुम्ही घेतलीत की काय, कोण जाणे. त्या वर्षापासून तुम्ही सकाळीही कान लावायला लागलात.

हे परत आले. आमची पोर झाली. दर दसऱ्याला तुम्ही तिचं नाक तपासायचात, अजून तरी ती शिंकत नाही.

मग ह्या श्रावणात सांगलीची नोकरी आली. मला वाटलं, तुम्ही नको म्हणाल. तुम्ही म्हणालात, "लय बेस झालं. जा."

मी म्हणाले, "मला नाही जायचं."

"का म्हनून? तितं गवत न्हाई. डाक्टर जवळ हाय. तुज्यापायी नोकरी चालून आली म्हनायची."

"तुमच्या एकटीवर एवढं घर टाकून जाऊ?"

"माज्यावर काय टाकतीस? तू येयाच्या आदी ह्या घरात भाकरी हुत न्हवती व्हय?"

तिथंच थांबायला हवं होतं. आपण थांबलो नाही. हे बाहेर पडवीत ऐकत होते, थोरले बैलाला पाणी दाखवत होते. मी म्हणाले, "तुमास्नी मी नको झालेय." तुमच्यासारखंच बोलले, चिडवून.

तुम्ही हातातलं लाटणं खाली ठेवलंत. "व्हय. नको झालीयास. तुज्या नाकाची राखन करून जीव दमला माजा. जा."

त्यानंतर आपण कामापुरतं बोललो. ह्यांनी मालकाकडून दिवाळीपर्यंत सवड मागून घेतली. दसरा झाला, गवत फुलावर आलं, मी शिंकायला लागले. तुम्ही संध्याकाळी कान लावायचात, पण तोंड फिरवून. आणि डोंगरावर गवत कापायला जायचात.

एका दिवशी तुम्ही लंगडत आलात. घोट्याजवळ विळा लागला होता. मी विचारलं, "लागलं व्हय?" कामाव्यतिरिक्त आपण बोललो ते एवढंच, कितीतरी दिवसांत.

"खरचाटलंय."

तुम्ही हळद दाबलीत, चिंधी बांधलीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात. जखम भरत आली. आम्ही ती विसरलो. मग एका सकाळी तुम्हाला भाकरी चावेना. दाढ धरली म्हणालात. मी दुधात भाकरी कुस्करून दिली, ती कशीबशी गिळलीत. दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना, मान वळेना. आत्याबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. शिराळ्याचे वैद्य पहाटे येऊन पोचले, त्यांनी तुमच्याकडं बघितलं, पायाची चिंधी सोडली, आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "धनुर्वात हाय. घटकाभर बी थांबू नका. सांगली गाठा."

झुंजूमुंजू होताना गाडी जुंपली. तुम्हाला दणके बसू नयेत म्हणून थोरल्यांनी गाडीत गवत भरलं, भरपूर, वर घोंगडं. तुम्हीच कापून आणलेलं गवत. घरात दुसरं होतंच कुठलं. मी तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले.

गाव सुटलं आणि मला शिंक आली.

तुमचं सगळं अंग एकदम ताठलं. पाठ कमानीसारखी वर उचलली, दात आवळले, डोळे उघडे. थोरल्यांनी बैल थांबवले. आम्हाला वाटलं दुखणंच वाढलं. थोड्या वेळानं अंग सैल झालं. मी पुन्हा शिंकले, आणि पुन्हा तेच. तेव्हा वैद्य म्हणाले होते ते आठवलं: आवाज करू नका, धक्का देऊ नका, उजेड नको. हे माझ्याकडं बघत होते. थोरलेही मागं वळून बघत होते. कुणी काही बोललं नाही.

बोललात तुम्ही. दात आवळलेले, ओठ हलत नव्हते, तरी शब्द आला. "उतर."

मी तुमचं डोकं घोंगड्यावर ठेवलं आणि उतरले. हे माझ्या जागी बसले. पेठेपर्यंत मी गाडीच्या मागं चालले, पदराचा बोळा तोंडात धरून. शिंक यायला लागली की रस्त्यात थांबायची, पाठ फिरवायची, गाडी पुढं जाऊ द्यायची, शिंकून घ्यायची. मग पळत जाऊन गाडी गाठायची. पुन्हा थांबायची. तुमचे पाय दिसत होते, तळव्याला माती होती. ती कुणी पुसली नव्हती, हे मी बघत चालले होते. दुसरं काही मनात नव्हतं.

पेठेत मोटार मिळाली. त्यात मला जागा नव्हती, आणि असती तरी मी बसले नसते. दोघे भाऊ तुम्हाला घेऊन पुढं गेले. मी बैलांपाशी राहिले. बैलांनी गाडीतलं गवत ओढून खायला सुरुवात केली. मी त्यांना हाकललं नाही.

सांगलीत सुई टोचली म्हणे. उशीर झाला, डॉक्टर म्हणाले. दिवस कलताना तीच मोटार परत आली. तुम्हाला त्याच गाडीत ठेवलं, उरलेल्या गवतावर. आता मी तुमच्याजवळ बसू शकत होते. घरापर्यंत मी शिंकत होते, आक्का, मोठमोठ्यानं, आवरायचं कारण नव्हतं. तुम्ही हलला नाहीत.

"उतर" म्हणालात ते कुणासाठी, हे मी नंतर ह्यांना विचारलं. हे म्हणाले, तिला त्रास होत होता म्हणून. साधी गोष्ट आहे. आत्याबाई म्हणाल्या, "तुज्यासाठनं गं. त्या गवतात तुला बसू दील का ती?" थोरल्यांना विचारायची रीत नाही. मी दोन्ही उत्तरं मनात ठेवून बघितली. कुठल्याच उत्तरानं मला काही होत नाही. रागही येत नाही, हुंदकाही येत नाही. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढून बघावा तसं होतं.

तेराव्यानंतर मी म्हणाले, आता मी इथंच राहणार, घर कुणी बघायचं. आत्याबाई पडवीत बसल्या होत्या. ज्या बाईनं मला क्षयाची म्हणून परत धाडायला काढलं होतं, ती काठी टेकत उठली आणि माझ्या ट्रंकेशी जाऊन उभी राहिली. "येक सून गवतात गेली. दुसरी द्येनार न्हाई. भर ट्रंक." घर बघायला थोरल्या वन्सं आल्यात, पोरं त्यांच्याजवळ नीट आहेत. धाकटा जेवत नव्हता, आता जेवतो.

इथं येऊन दोन दिवस झाले आणि माझं नाक मोकळं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दोन्ही नाकपुड्यांतून वारा. टाळूला खाज नाही. डोळे कोरडे. कार्तिकात माझे डोळे कोरडे, हे मी लग्न झाल्यापासून बघितलं नव्हतं. शेजारची बाई म्हणाली, "तुमच्या घरी दुःख झालंय म्हणून ऐकलं, पण तुम्ही अगदी धीराच्या दिसता." मी हो म्हणाले. गावात मी न रडता रडकी ठरले, इथं न रडता धीराची.

छाती वाजते का ते मीच ऐकायचा प्रयत्न करते. ह्यांना सांगितलं होतं कान लावायला. त्यांनी लावला, म्हणाले, मोटारीच्या इंजिनासारखी गुळगुळीत चालली आहे. मग पोर मध्ये आली आणि ते तिला घेऊन ओट्यावर गेले.

भांडणात मी एक बोलले नाही, आक्का. तुमच्या एकटीवर काम पडेल म्हणून मी सांगलीला नको म्हणत होते, असं मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तुमच्यापासून लांब, परक्या गावात, मला काही झालं तर ओळखणार कोण, ह्याची. गवत परवडलं, पण तुम्ही जवळ हव्यात, असं होतं ते. दोन मुलांच्या आईला, गवताचे भारे वाहणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं? सांगितलं असतं तर तुम्ही "येडी हायस" म्हणाला असतात, आणि मला खरंच पिटाळलं असतंत. मग मी दसऱ्याच्या आधीच निघाले असते.

पुढचा विचार मी करत नाही. गवत तर तुम्ही तरीही कापलंच असतंत.

काल संध्याकाळी पोरीला घेऊन नदीवर गेले. माणसं फिरायला आली होती. मी घाटाच्या पायऱ्या भराभर चढले आणि वर आल्यावर लक्षात आलं, दम लागला नाही. तुम्हाला हेच हवं होतं. तुम्ही ह्यासाठी घसा कोरडा केलात, माझ्याशी बोलणं टाकलंत. म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. मला इथं बरं वाटतंय, आक्का. फार बरं वाटतंय.